विचारले नाही म्हणून सांगितले नाही

प्रवेशअर्जाच्या शेवटच्या पानावर एक प्रतिज्ञापत्र असते. ‘वर दिलेली सर्व माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास माझा प्रवेश कोणत्याही टप्प्यावर रद्द होऊ शकतो, याची मला जाणीव आहे’, अशा अर्थाच्या दोन-तीन ओळी, खाली विद्यार्थ्याची सही आणि त्याखाली पालकांची. प्रवेश विभागात काम करताना अशा हजारो सह्या माझ्या नजरेखालून गेल्या आहेत. सही राहिली असेल तर मी अर्ज परत केला आहे आणि सहीच्या जागी नुसते नाव लिहिले असेल तर ‘इथे सही करा’ म्हणून बोटही ठेवले आहे. त्याच टेबलावर, त्याच अर्जाशेजारी, आमचे माहितीपत्रक ठेवलेले असे. त्याच्याही शेवटच्या पानावर एक ओळ होती, पण ती इतक्या बारीक टायपात होती की छपाईत पडलेला डाग वाटावा. ‘या पत्रकातील मजकुरात पूर्वसूचना न देता बदल करण्याचा अधिकार संस्था राखून ठेवीत आहे.’ दोन कागद, दोन्हींवर माहितीच. एकावर माहिती देणारा आपल्या शब्दाने बांधला गेलेला, तर दुसऱ्यावर तो आधीच मोकळा झालेला. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली, आणि लक्षात आले तेही स्वतःहून नाही.

त्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षासाठी एक मुलगी आईबरोबर आली होती. तिला भौतिकशास्त्र घ्यायचे होते आणि त्यातही खगोलशास्त्राची ओढ होती. माहितीपत्रकात तिसऱ्या वर्षाच्या ऐच्छिक विषयांच्या यादीत खगोलशास्त्र होते. तिने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून आणली होती. ‘मॅडम, हा विषय इथे आहे ना?’ असे तिने विचारले आणि मी ‘हो, आहे’ असे म्हणाले. हे उत्तर शब्दशः खरे होते. विषय अभ्यासक्रमात मंजूर होता. मात्र किमान पंधरा विद्यार्थ्यांनी निवडल्याशिवाय ऐच्छिक विषयाचा वर्ग सुरू करायचा नाही, असा नियम होता आणि तेवढे विद्यार्थी न मिळाल्याने तो वर्ग सलग दोन वर्षे भरला नव्हता. हे मला ठाऊक होते. त्यानंतर तिने ग्रंथालयाच्या वेळा विचारल्या, तिच्या आईने वसतिगृहाची चौकशी केली, आणि मी त्या सगळ्या प्रश्नांना मनापासून, सविस्तर उत्तरे दिली. त्या दिवशी घरी जाताना एका चांगल्या विद्यार्थिनीचा प्रवेश नीट मार्गी लावल्याचे समाधान माझ्या मनात होते, हे मला आजही स्पष्ट आठवते.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ती एकटीच आली. तोवर मी तिला विसरले होते, पण ती मला विसरली नव्हती.

‘मॅडम, मी प्रवेश घेतला तेव्हा तो वर्ग भरत होता का?’

‘नव्हता.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘हो.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘तू विचारलं नाहीस,’ मी म्हणाले.

ती रागावेल असे मला वाटले होते, आणि ती रागावली असती तर मला सोपे गेले असते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘कसं विचारणार मॅडम? यादीत छापलेला विषय शिकवलाच जात नाही असंही असतं, हेच मला माहीत नव्हतं.’

माझी त्यानंतरची सगळी नोकरी या एका वाक्याच्या सोबतीने झाली. तोवर माझी प्रामाणिकपणाची व्याख्या सरळ होती: खोटे बोलायचे नाही आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर टाळायचे नाही. ही व्याख्या बाजारात पुरते, कारण तिथे घेणाऱ्याला काय विचारायचे ते साधारण माहीत असते. प्रवेशाच्या टेबलावर ती पुरत नाही. तिथे समोर बसलेली व्यक्ती पहिल्यांदाच हा व्यवहार करत असते, आणि बहुतेक वेळा शेवटचाही. प्रश्न विचारायला आधी थोडे ज्ञान लागते. ज्याच्या घरात कुणी शिकलेले आहे, ज्याची थोरली बहीण किंवा चुलत भाऊ दोन वर्षांपूर्वी याच फेऱ्यातून गेला आहे, तो येताना प्रश्नांची यादी घेऊन येतो: कायम शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती, मागच्या वर्षी कोणते वर्ग प्रत्यक्ष भरले, मूळ कागदपत्रे तुम्ही ठेवून घेता का, प्रवेश रद्द केला तर पैसे किती दिवसांत परत येतात. ज्याच्या घरात कुणीच शिकलेले नाही, तो इमारतीकडे पाहतो आणि विचारतो, ‘इथे चांगलं शिकवतात ना?’ म्हणजे ‘विचारले नाही म्हणून सांगितले नाही’ हा नियम सगळ्यांना सारखाच लागू असला तरी त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याला सर्वांत कमी माहिती आहे, त्याच्याच वाट्याला आमचे मौन सर्वांत जास्त येते.

अर्थशास्त्रज्ञांनी या विषमतेचा अभ्यास फार पूर्वी केला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला मालाचे दोष माहीत असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेव्हा हळूहळू चांगला मालच बाजारातून बाहेर पडू लागतो. त्या कामासाठी त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या पुरस्कारातले एक वाटेकरी मायकल स्पेन्स. पदवी आपल्या धारकाबद्दल नोकरी देणाऱ्याला काय सांगते, याचा विचार त्यांनी केला होता. मला गंमत वाटते ती अशी, की विद्यार्थ्याबद्दल इतरांना कसे कळावे यासाठी गुणपत्रिका, प्रमाणपत्रे, शिफारसपत्रे अशी भक्कम यंत्रणा उभी आहे. संस्थेबद्दल विद्यार्थ्याला कसे कळावे, यासाठी मात्र संस्थेनेच छापलेले एक गुळगुळीत पत्रक. शिवाय मोटार फसवी निघाली तर ती विकता तरी येते. अठराव्या ते एकविसाव्या वर्षापर्यंतचा काळ परत विकता येत नाही.

उघड खोटेपणाबद्दल मी इथे फारसे लिहिणार नाही, कारण तो ओळखायला सोपा असतो आणि कधीतरी पकडलाही जातो. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठाच्या व्यवस्थापन विद्याशाखेने ऑनलाइन एमबीएच्या क्रमवारीत वरचा क्रमांक टिकवण्यासाठी, प्रवेश घेतलेल्या सगळ्याच्या सगळ्या २५५ विद्यार्थ्यांनी जीमॅट या व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेचे गुण सादर केल्याचे कळवले होते. प्रत्यक्षात ते फक्त ५० जणांनी सादर केले होते. २०१८ मध्ये हे उघडकीस आले आणि तत्कालीन अधिष्ठात्यांना २०२२ मध्ये चौदा महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. हे वाचताना माझ्यासारखीला बरे वाटते, आणि धोका तिथेच आहे. ‘आपण असले काही केलेले नाही’ या समाधानात आपण काय करत होतो हे झाकले जाते. मी कधीही आकडा फुगवला नाही. मी फक्त भाजक निवडत असे.

भाजकाचा हा खेळ थोडा उलगडून सांगायला हवा, कारण माझ्या मते या धंद्यातला सर्वांत सभ्य खोटेपणा तोच आहे. समजा, एका तुकडीत १२० जणांनी प्रवेश घेतला आणि त्यांतले १०० जण उत्तीर्ण झाले. त्यांतल्या ६० जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवले आणि ५४ जणांना नोकरी मिळाली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी नव्वद टक्के, उत्तीर्ण झालेल्यांपैकी चोपन्न टक्के, प्रवेश घेतलेल्यांपैकी पंचेचाळीस टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत, तिन्हींचा हिशेब कुणालाही तपासता येईल. पण माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात नव्वदच छापले जाते, आणि समोरचा विद्यार्थी मात्र अजून नाव नोंदवलेल्या साठांत नसतो, उत्तीर्ण शंभरांतही नसतो, तो प्रवेश घेणाऱ्या एकशेवीसांत उभा असतो. त्याच्या कामाचा आकडा पंचेचाळीस. सरासरी पगाराचेही तसेच. दहा जणांपैकी नऊ जणांना तीन-तीन एकक मिळाले आणि एकाला त्रेचाळीस, तर सरासरी सात येते. सात एकक मात्र त्या दहांपैकी कुणालाच मिळालेले नसते. ओळीत मधोमध उभ्या असलेल्याला तीनच मिळालेले असतात. हा मधला आकडा, म्हणजे मध्यक, छापणारे पत्रक मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिले.

हे फक्त आमच्याच टेबलावर चालत होते असे नाही. अमेरिकेतील कायद्याची महाविद्यालये वर्षानुवर्षे ‘पदवीनंतर नऊ महिन्यांत नोकरीला लागलेले’ असा एकच टक्का प्रसिद्ध करत असत आणि त्यात पूर्णवेळ वकिली करणारा आणि कुठेतरी अर्धवेळ काउंटर सांभाळणारा, दोघेही एकाच रकान्यात मोजले जात. टीका वाढल्यावर, या महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने नियम बदलले; पूर्णवेळ आणि अर्धवेळ, दीर्घ मुदतीची आणि तात्पुरती, वकिलीची सनद लागणारी आणि न लागणारी, अशी नोकऱ्यांची फोड करून देणे बंधनकारक केले. सॅन दिएगो येथील थॉमस जेफरसन स्कूल ऑफ लॉ या महाविद्यालयावर त्याच्याच एका माजी विद्यार्थिनीने याच मुद्द्यावर खटला भरला होता. २०१६ च्या मार्चमध्ये ज्यूरीने नऊ विरुद्ध तीन अशा मतांनी महाविद्यालयाच्या बाजूने कौल दिला. त्या निकालाच्या गुणदोषांत मी पडत नाही. मला एवढेच दिसते, की न्यायालयात फसवणूक सिद्ध होण्याची रेषा आणि समोरच्या माणसाची दिशाभूल होण्याची रेषा या दोन वेगळ्या रेषा आहेत, आणि प्रवेशाचे काम करणारा माणूस दिवसभर या दोहोंमधल्या पट्ट्यात उभा असतो. तिथे पोलीस येत नाहीत.

छायाचित्रांविषयी थोडक्यात. २००० साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रवेश पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फुटबॉलचा सामना पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा फोटो होता. त्यात सगळे गोरे चेहरे दिसत होते म्हणून, त्या सामन्याला हजरही नसलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा त्यात चिकटवला गेला. हा बनाव पकडला गेला तो प्रकाशामुळे: इतर चेहऱ्यांवरचा प्रकाश आणि त्याच्या चेहऱ्यावरचा प्रकाश जुळत नव्हता. आम्ही इतके काही केले नाही. आमच्या पत्रकातल्या प्रयोगशाळेच्या फोटोत उपकरणे आमचीच होती, प्रयोगशाळाही आमचीच होती. फक्त तीन खोल्यांतली उपकरणे एका खोलीत आणून मांडली होती. आणि वर्गाच्या फोटोत शेवटच्या बाकावर मी स्वतः बसले होते, कारण बाक रिकामा दिसत होता.

‘जगातील अव्वल एक टक्का’ या दाव्याचेही असेच. ब्रिटनमधील रीडिंग विद्यापीठ स्वतःबद्दल असे म्हणत असे. २०१७ मध्ये तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने तो दावा मागे घ्यायला लावला, कारण जगातल्या सगळ्या विद्यापीठांची तुलना करणारी क्रमवारी मुळात कुणी तयारच केलेली नाही. त्याच वर्षी आणखी सहा विद्यापीठांनाही त्यांचे असेच दावे बदलायला लावले गेले. इथेही प्रश्न भाजकाचाच. आपल्याखाली मोजायला न मोजलेल्यांची गर्दी उभी केली, की कुणीही वर येतो.

हे सगळे वाईट माणसे करतात असे मला वाटत नाही. निदान माझे सहकारी तरी वाईट नव्हते. दर सोमवारी आमची बैठक होत असे आणि त्या बैठकीची स्वतःची भाषा होती. चौकशीला आलेली मुलगी ‘लीड’ व्हायची, तिचा विचार पक्का होत आला की ‘लीड गरम’ व्हायची, आणि तिने शुल्क भरले की ‘कन्व्हर्जन’. फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे टार्गेट आणि झालेले प्रवेश लिहिलेले असत. प्रवेश न घेण्याचा योग्य सल्ला ज्याला दिला, त्याच्यासाठी त्या फलकावर रकाना नव्हता. मला कुणी खोटे बोलायला सांगितले नाही. सांगितले असते तर मी नकार दिला असता आणि त्या नकाराचा मला अभिमानही वाटला असता. फक्त दर सोमवारी त्या फलकाकडे पाहून मी मंगळवारी थोडी कमी बोलत असे. स्वभावाने प्रामाणिक माणूस चुकीच्या फलकासमोर बसवला की त्याचा प्रामाणिकपणा हळूहळू व्याकरणापुरता उरतो: वाक्य खरे, बोलणे खोटे.

म्हणून या प्रश्नाकडे केवळ नीतिमत्तेचा प्रश्न म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. अमेरिकेत १९९२ सालीच उच्च शिक्षण कायद्यात अशी दुरुस्ती झाली, की केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या संस्थांनी प्रवेशाचे काम करणाऱ्यांना प्रवेशांच्या संख्येवर बक्षिसी किंवा कमिशन देऊ नये. २००२ मध्ये त्या नियमाला बारा पळवाटा मिळाल्या आणि २०११ मध्ये त्या काढून घ्याव्या लागल्या. पळवाटा दिल्या जातात आणि परत घ्याव्या लागतात, यातच तो नियम किती नेमक्या जागी बोट ठेवतो हे दिसते. डॉक्टरला औषधाच्या चिठ्ठीमागे पैसे मिळू लागले तर आपण रोग्याला सावध करू; विद्यार्थ्याला सल्ला देणाऱ्याला त्याच्या ‘हो’मागे पैसे मिळतात, तेव्हा आपण त्याला मात्र समुपदेशक म्हणतो.

प्रवेश नाकारताना बोलल्या जाणाऱ्या खोट्याबद्दलही लिहिले पाहिजे, कारण ते दयेच्या वेषात येते. प्रतीक्षा यादी हा आमच्या विभागातला सर्वांत मऊ शब्द होता. समोरच्याला नाही म्हणणे जड जाते, म्हणून ‘तुमचं नाव वेटिंगला ठेवतो’ असे म्हणायचे. ज्या यादीतून मागच्या वर्षी पाच-सहा जणांच्या पलीकडे कुणालाही बोलावले गेले नव्हते, त्या यादीत एकशेचाळिसाव्या क्रमांकाला ‘आशा सोडू नका’ सांगितलेले मी ऐकले आहे, आणि सांगितलेही आहे. तो मुलगा त्या आशेवर दुसरीकडची जागा सोडतो. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१३ मध्ये कबूल केले, की अर्जदाराची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देतो असे सांगत असतानाही, शेवटच्या टप्प्यावर आर्थिक मदतीची गरज असलेल्या शेकडो पात्र अर्जदारांना ते प्रतीक्षा यादीत ढकलत होते. त्या अर्जदारांना आपण गुणांमुळे मागे पडलो असेच वाटले असणार. नकार मिळाला म्हणून माणूस मोडत नाही. चुकीचे कारण मनात धरून तो स्वतःला वर्षानुवर्षे कमी समजत राहतो, हे नुकसान अधिक खोल आहे.

त्या मुलीच्या भेटीनंतर मी एक कागद तयार केला. शिक्षण अर्धवट सोडून दाखला न्यायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एकच प्रश्न विचारू लागले: ‘प्रवेश घेताना काय माहीत असतं तर बरं झालं असतं?’ त्यांच्या उत्तरांतून एक पान भरले. कोणते ऐच्छिक विषय गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष शिकवले गेले. पहिल्या वर्षाला बसलेल्यांपैकी किती जण ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडले. घोषित शुल्काखेरीज वर्षभरात आणखी कशाकशाचे पैसे भरावे लागतात. वसतिगृहाची जागा पहिल्या वर्षानंतर राहते का. प्रतीक्षा यादी गेल्या वर्षी कितव्या क्रमांकापर्यंत हलली. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर, आणि जिथे उत्तर आमच्या सोयीचे नव्हते तिथेही तेच. ‘न विचारलेले प्रश्न’ असे शीर्षक देऊन तो कागद मी माहितीपत्रकाच्या आत ठेवू लागले. वरिष्ठांनी मला बोलावून घेतले. ते चिडले नाहीत. ‘हे सगळं खरंच आहे, मॅडम, पण बाकीच्या संस्था असं देत नाहीत, मग आपण का द्यायचं?’ एवढेच ते म्हणाले. हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. एकट्या संस्थेने पंचेचाळीस टक्के छापले आणि शेजारच्या संस्थेने नव्वद, तर विद्यार्थी नव्वदकडे जाणार, आणि कदाचित तिथे खरे प्रमाण तीसच असेल. प्रामाणिक संस्थेने स्वतःचे नुकसान करून विद्यार्थ्याला अधिक वाईट जागी पोहोचवले, असेही होऊ शकते. सगळ्यांना एकाच भाजकाने मोजायला लावणारा नियम बाहेरूनच यावा लागतो, या मताशी मी तेव्हा आले आणि अजूनही तिथेच आहे. पण नियम येईपर्यंत समोर बसलेल्या मुलाला काय सांगायचे, हा प्रश्न त्यामुळे पुढे ढकलता येत नाही.

कागद राहिला. दोन वर्षांनी त्याचे जे झाले त्याची मी कल्पना केली नव्हती. जाहिरात विभागाने तो रंगीत छापला, वर ‘आमची पारदर्शकता’ असे लिहिले आणि त्यातले गैरसोयीचे तीन प्रश्न ‘जागेअभावी’ वगळले. खरे बोलणे हेसुद्धा विक्रीचे कौशल्य होऊ शकते, हे मी त्या दिवशी पाहिले. ‘मी तुम्हाला एक गोष्ट अगदी खरी सांगते’ असे म्हणून एखादा छोटा दोष कबूल केला, की पुढची सगळी वाक्ये समोरचा डोळे मिटून मान्य करतो. ही युक्ती नकळत माझ्याही बोलण्यात शिरली होती.

दुसरी चूक याच्या उलट होती आणि ती मला अधिक टोचते. खरे सांगायचेच असा चंग बांधल्यावर मी एका मुलाला, त्याचे गणिताचे गुण पाहून, ‘हा अभ्यासक्रम तुला झेपणार नाही’ असे स्पष्ट सांगितले. मला तो माझा प्रामाणिकपणा वाटला. तो गेला, दुसरीकडे त्याच अभ्यासक्रमाला बसला आणि चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला. काही वर्षांनी कुठल्याशा कामाने येऊन त्याने हे मला आवर्जून सांगितले. कोणत्या गुणांचे किती विद्यार्थी आमच्याकडे पहिल्या वर्षी अडखळतात, हे मला माहीत होते आणि ते सांगणे माझे काम होते. त्या एका मुलाचे पुढे काय होणार, हे मला माहीत नव्हते. भाकिताला मी माहितीचे कपडे चढवले होते. तेव्हापासून मी संस्थेबद्दल जे ठाऊक आहे ते सगळे सांगते, विद्यार्थ्याबद्दल मात्र त्यालाच विचारते.

गेल्या प्रवेशाच्या मोसमात एक मुलगी आली. जाहिरात विभागाने वगळलेले तीन प्रश्न मी हाताने लिहून जोडलेला माझा जुना कागद तिने दोनदा वाचला. मग तो माझ्याकडे सरकवत तिने विचारले, ‘मॅडम, यात काय लिहिलेलं नाही?’

इतक्या वर्षांत असे कुणी विचारले नव्हते. तिला जो विषय घ्यायचा होता, त्या विभागाच्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी राजीनामा दिला होता. तो अजून जाहीर झालेला नव्हता आणि मला तो केवळ फाइल माझ्या टेबलावरून गेली म्हणून माहीत होता. ते माझे सांगणे नव्हते. त्या प्राध्यापकांचे होते. मी थोडा वेळ गप्प बसले. मग तिला म्हणाले, ‘एक गोष्ट आहे, पण ती आज मला तुला सांगता येणार नाही. पंधरा दिवसांत ती सगळ्यांनाच कळेल. शुल्क भरायची शेवटची तारीख त्यानंतर आहे. तोपर्यंत भरू नकोस, आणि दुसरीकडची जागाही सोडू नकोस.’

तिने ‘का’ असे विचारले नाही. तिने पिशवीतून वही काढली, दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या, आणि त्या मला वाचून दाखवून बरोबर आहेत ना याची खात्री करून घेतली.